बोगद्यातलं भारनियमन

आमच्या घरात पोटदुखीपासून पाठदुखीपर्यंत कुठल्याही आजारावर आईचं एकच निदान असे, "बाहेरचं खाल्लं असशील." सोसायटीच्या पार्किंगमध्ये याच तोडीचं निदान म्हणजे 'बॅटरी गेली'. गाडी चालू होईना, बॅटरी. हॉर्न घोगरा झाला, बॅटरी. मध्यंतरी बी विंगमधल्या एका गृहस्थांच्या गाडीतल्या वायरी उंदराने कुरतडल्या. बोनेट उघडल्यावर तो उंदीर सर्वांसमक्ष उडी मारून पळाला, तरी आमचे सेक्रेटरी म्हणाले, "तरीपण एकदा बॅटरी बघून घ्या."

मीही याच पंथातला. त्या निष्ठेपायी मी एका वर्षात दोन बॅटऱ्या विकत घेतल्या. जुनी म्हातारी झाली होती, तिला निरोप दिला, त्यात काही चुकलं नाही. पण नवी सहा महिन्यांत मान टाकू लागली. दुकानदाराने ती रात्रभर चार्जिंगला लावली, सकाळी ठणठणीत करून परत दिली आणि वर मलाच विचारलं, "गाडी रोज फिरवता का?" जणू मी बॅटरी नाही, पामेरियन नेला होता. मग मी तिला रोज फिरवू लागलो. रात्री जेवणं झाली की आम्ही कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचो, मी आणि बॅटरी. तब्येत सुधारली नाही ती नाहीच. शेवटी मी तिच्यापेक्षा मोठी आणि महाग अशी आणखी एक आणली आणि समाधानाने झोपलो.

यात माझा दोष थोडा, बॅटरीचा जास्त. तिचं व्यक्तिमत्त्वच तसं आहे. बोनेट उघडलं की समोर दिसते. वजनदार असते. तिला पावती असते, गॅरंटी कार्ड असतं, दुकानातला पोरगा ती घरी येऊन बसवून जातो. याउलट आल्टरनेटर. इंजिनाच्या कुशीत, खाली, अंधारात, तेलकट धुळीत एक पट्टा गळ्यात अडकवून तो बसलेला असतो. अर्ध्या लोकांना त्याचं नाव माहीत नाही आणि उरलेले त्याला अजून डायनमो म्हणतात. गणेश मंडळात अध्यक्ष खुर्चीवर बसलेले असतात, फ्लेक्सवरही तेच असतात. पण भर उन्हात चार जिने चढून दारोदार वर्गणी फाडणारा पोरगा वेगळाच असतो. बॅटरी ही अध्यक्ष. गाडी चालू करताना सेल्फ मारायचा, तेवढं उद्घाटन तिच्या हस्ते. इंजिन एकदा सुरू झालं की पुढचा सगळा खर्च, म्हणजे दिवे, हॉर्न, वायपर, टेप, एसीचा पंखा, ठिणगी, हे सगळं तो पोरगा भागवतो आणि उद्घाटनात अध्यक्षांनी जे उधळलं तेही भरून देतो.

हे ज्ञान मला ज्या रात्री झालं त्या रात्रीची गोष्ट सांगायची, तर आधी तांबड्या दिव्याविषयी सांगायला हवं. आमच्या गाडीच्या डॅशबोर्डवर, चौकोनी बॅटरीचं चित्र असलेला एक तांबडा दिवा आहे. किल्ली फिरवली की तो लागतो आणि इंजिन सुरू झालं की विझतो. त्या आठवड्यात तो विझेनासा झाला. पूर्ण लागतही नव्हता. निरांजनातलं तूप संपत आल्यावर वात जशी तग धरून असते, तसा तेवत होता. बायकोने विचारलं, "अहो, हा कसला दिवा?"

मी म्हणालो, "बॅटरीचा."

"मग लागलाय कशाला?"

"नवीन आहे ना."

हे उत्तर तिला पटलं नाही हे तिच्या गप्प बसण्यावरून कळलं. पण मला स्वतःला ते इतकं पटलं की आम्ही सासूसासऱ्यांना घेऊन त्याच गाडीने वाईला एका वास्तुशांतीला गेलो.

सासऱ्यांची ओळख करून देणं भाग आहे. ते वीज मंडळातून निवृत्त झाले. सारं आयुष्य उपकेंद्रांत गेलं. तेहतीस केव्ही, एकशे बत्तीस केव्ही हे शब्द ते घरातल्या मुलांच्या नावांसारखे घेतात. घरातल्या दोनशे तीस व्होल्टकडे ते ज्या नजरेने पाहतात तीत थोडी माया आणि पुष्कळ कीव असते. मोटारीतल्या बारा व्होल्टना तर ते वीजच मानत नसत. "ती विजेची अफवा आहे, जावईबापू," असं ते जाताना खंबाटकी घाट चढताना म्हणाल्याचं मला स्पष्ट आठवतं. त्यामुळे तांबड्या दिव्याबद्दल त्यांचा सल्ला घेण्याचा प्रश्नच नव्हता.

परतायला रात्र झाली. वर भुरभुर पाऊस. सुरूर फाट्यावर महामार्गाला लागलो तेव्हा सगळे दिवे, वायपर, एसी, टेप असा पूर्ण संसार चालू होता. मागे सासूबाई बुंदीचे लाडू मांडीवर घेऊन पेंगत होत्या. आधी टेप बंद पडला. मला वाटलं गाणं संपलं. मग वायपर दमला. प्रत्येक फेरीला काचेच्या मध्यावर थांबून, पुढे जावं की न जावं असा विचार करू लागला. आणि पुण्याकडे येताना जो खंबाटकीचा बोगदा लागतो, त्यात शिरलो तेव्हा समोर पडणारा उजेड पांढऱ्याचा पिवळा आणि पिवळ्याचा केशरी झाला. मागच्या ट्रकने हॉर्न दिला. मी उत्तरादाखल दिला, तर सर्दी झालेल्या कोंबड्याने खाकरावं तसा आवाज आला. तांबडा दिवा मात्र आता पूर्ण तेजाने झळकत होता. गाडीतला तो एकच दिवा नीट लागत होता.

मागून सासऱ्यांचा आवाज आला, "व्होल्टेज डाउन आहे."

त्या तीन शब्दांनी निवृत्तीची बारा वर्षं पुसली गेली. ते पुढे सरकून बसले. "बॅटरी किती अँपिअर-अवरची?"

मी म्हणालो, "पस्तीस." पावती पाठ होती.

"हेडलाइट पंचावन्न वॅटचे दोन. एकशेदहा भागिले बारा, नऊ अँपिअर. वायपर, पंखा, इंजिनाचं स्वतःचं... वीस धरा. पस्तीस भागिले वीस, पावणेदोन तास. ते पुस्तकात. प्रत्यक्षात निम्मेसुद्धा मिळणार नाहीत. निघाल्याला पाऊण तास झाला. जनित्र बंद आहे, आपण साठ्यावर चाललोय." थोडं थांबून ते गंभीरपणे म्हणाले, "भारनियमन करावं लागेल."

आणि त्यांनी ते केलं. एसी म्हणजे शेतीपंप, तो आधी बंद. टेप घरगुती ग्राहक. त्याची वीज आधीच गेली होती, पण अधिकृतपणे आत्ता तोडण्यात आली. बायकोच्या मोबाइलचा चार्जर हा अनधिकृत आकडा. तो काढताना तिने घातलेला वाद ऐकून घेतला गेला नाही. वायपर हा पाणीपुरवठा, पूर्ण बंद करता येत नाही, म्हणून दर दोन मिनिटांनी एक फेरी. हेडलाइट म्हणजे रस्त्यावरचे दिवे, ते नगरपालिकेचे, त्यांना हात लावायचा नाही. "आणि ठिणगी?" मी विचारलं. "रुग्णालय," ते म्हणाले. "शेवटपर्यंत."

सासूबाई जाग्या झाल्या. एसी बंद, काचा घामेजलेल्या, पुढे केशरी अंधार. त्यांनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "इथेपण?"

भारनियमनाच्या बळावर आम्ही खंडाळा ओलांडला. हा साताऱ्याकडचा खंडाळा. लोणावळ्याच्या जुळ्या भावाच्या वाट्याला आलेलं भाग्य याला नाही. शिरवळच्या अलीकडे इंजिनाने दोनदा उचकी दिली आणि रुग्णालयही बंद पडलं. जुनं डिझेल इंजिन असतं तर वीज नसतानाही धुराडं चालू राहिलं असतं. पेट्रोलच्या गाडीला ठिणगी नाही तर काही नाही. दोन ट्रकवाल्यांनी उतरून धक्का दिला. सासऱ्यांनीही दिला, बारा व्होल्टच्या गाडीला त्यांनी हात लावण्याचा हा पहिलाच प्रसंग. गाडी पुढे सरकली, पण चालू झाली नाही. ढकलत ढकलत आम्ही एका टपरीवजा गॅरेजपर्यंत पोचलो. बाहेर ट्रकचे सेल्फ, तांब्याच्या तारांची भेंडोळी आणि एक झोपलेलं कुत्रं. आतून डोक्याला बॅटरी, म्हणजे टॉर्च, बांधलेला एक मिस्त्री आला.

मी म्हणालो, "बॅटरी गेली."

त्याने बोनेट उघडलं, बॅटरीवरचं चकचकीत लेबल पाहिलं आणि इतक्या करुणेने माझ्याकडे पाहिलं की मला सहा महिन्यांपूर्वीची पावतीही आठवली. "बॅटरी बिचारी काय करंल, साहेब? तिला खायाला कोण घालतंय?"

मग त्याने दुसऱ्या बॅटरीच्या वायरी लावून गाडी चालू केली. मीटर लावला. चालू इंजिनावर काटा चौदाच्या आसपास पाहिजे, तो बाराच्या वर सरकेना. मग लांब दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन त्याने त्याचं टोक आल्टरनेटरच्या पाठीशी, बेरिंगजवळ नेलं. "चिकटाया पायजे. चिकटत न्हाई." आत लोहचुंबकच जागं होत नव्हतं. हे सगळं त्याने पट्ट्यापासून सदऱ्याच्या बाह्या लांब ठेवून केलं. माझ्यासारख्याने घरी करून पाहू नये. पंधरा मिनिटांत आल्टरनेटर खाली उतरला, उघडला गेला आणि त्याने माझ्या तळहातावर दोन काळे तुकडे ठेवले. फळ्यावर तास संपताना चिमटीत उरतो तेवढाच खडू. "कार्बन संपल्यात."

एवढंच. दुसरी बॅटरी, रोजची रात्रीची फेरी आणि बोगद्यातली ती शोभा, हे सगळं त्या दोन तुकड्यांमुळे. नवे कार्बन बसवून, बेरिंगला हात फिरवून आणि पट्टा ताणून त्याने जे पैसे घेतले, त्यात वाईत दोघांचं जेवण झालं असतं.

काम चालू असताना सासरे त्याच्या शेजारी उकिडवे बसले होते. एकशे बत्तीस केव्हीचा माणूस बारा व्होल्टच्या माणसाला प्रश्न विचारत होता, असं दृश्य शिरवळने पाहिलं नसेल. त्या संभाषणातलं मला जेवढं समजलं तेवढं सांगतो. जुन्या डायनमोत वीज तयार व्हायची ती फिरणाऱ्या भागात, त्यामुळे सगळाच्या सगळा करंट कार्बनमधून बाहेर काढावा लागे आणि ठिणग्या उडत. आल्टरनेटरवाल्यांनी हे उलटं केलं. फिरणाऱ्या भागाला, म्हणजे रोटरला, फक्त चुंबक होण्यापुरता तीन-चार अँपिअरचा भत्ता द्यायचा, तेवढाच कार्बनमधून जातो. खरी वीज तयार होते ती भोवती स्वस्थ बसलेल्या तांब्याच्या वेटोळ्यांत. फिरतीवरच्या माणसाला भत्ता आणि बसलेल्याच्या नावावर पगार, ही व्यवस्था सासऱ्यांना ओळखीची वाटली.

पण त्या भत्त्याचीही एक मेख आहे. तो आधी बॅटरीतून यावा लागतो. आधी नैवेद्य, मग प्रसाद. बॅटरी पार कोरडी असेल तर रोटर कितीही फिरवा, चुंबक जागं होत नाही. आमचा धक्का वाया गेला त्याचं एक कारण हेही. जुन्या बांधणीच्या गाड्यांत तर हा पहिला नैवेद्य त्या तांबड्या दिव्यामधूनच जातो. दिव्याच्या एका बाजूला बॅटरी, दुसऱ्या बाजूला आल्टरनेटर. दोघांचं व्होल्टेज सारखं झालं की मधून काही वाहायला उरत नाही आणि दिवा विझतो. जुळत नसेल तर तो लागून राहतो. म्हणजे तो बॅटरीचा दिवा नव्हेच, दोघांतल्या भांडणाचा आहे. चित्र तेवढं बॅटरीचं काढलंय, कारण फ्लेक्सवर अध्यक्षच असतात.

या वेटोळ्यांत जी वीज तयार होते ती इकडून तिकडे, तिकडून इकडे अशी झुलणारी. बॅटरीला ती चालत नाही. म्हणून पाठीमागे सहा डायोडांची एक पट्टी असते. डायोड म्हणजे एकेरी रस्ता. पुण्याच्या पेठांतही एकेरी रस्ते आहेत, फरक इतकाच की डायोडची पाटी करंट जुमानतो. हे डायोड सिलिकॉनचे, आणि ते स्वस्त नि टिकाऊ होईपर्यंत मोटारी डायनमोवरच चालत होत्या. मूळ कल्पना मात्र जुनी. फॅरडेने वीज आणि चुंबकाचं हे नातं 1831 मध्ये लोखंडी कड्यावर तारा गुंडाळून दाखवलं. हा फॅरडे पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेला गडी. बांधायला आलेली पुस्तकं वाचून शिकला. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये पिक्सी नावाच्या कारागिराने हाताने फिरवायचं यंत्र केलं, तर त्यातून निघाली ती झुलतीच वीज. मोटारीला विजेचा सेल्फ लागला 1912 मध्ये, कॅडिलॅकला. त्याआधी पुढे उभं राहून हँडल मारायचं आणि ते उलटं आलं तर मनगट हाडवैद्याकडे न्यायचं. आणि क्रायस्लरने व्हॅलियंट गाडीत डायनमो काढून आल्टरनेटर बसवला तो 1960 च्या सुमारास. ज्यांनी डायनमोच्या गाड्या चालवल्या आहेत त्यांना सिग्नलला थांबलं की मंदावणारे आणि ॲक्सिलरेटर दाबला की उजळणारे दिवे आठवतील. आल्टरनेटर इंजिनाच्या एका फेरीत दोन-अडीच फेऱ्या मारतो, म्हणून तो उभ्या गाडीतही कमावतो.

हे सगळं कळल्यावर सासऱ्यांनी गाडीचा ताबा घेतला. चालवण्याचा नव्हे, देखरेखीचा. त्यांनी स्वतःच्या पैशाने मीटर आणला आणि उपकेंद्रात ठेवत तशी एक वही. दर रविवारी सकाळी चहाच्या आधी नोंद होते. गाडी रात्रभर उभी असताना 12.6 म्हणजे बॅटरी पोटभर जेवलेली. चालू इंजिनावर दिवे आणि पंखा लावून 13.8 ते 14.4 च्या दरम्यान म्हणजे आल्टरनेटर कामावर हजर. पंधराच्या पुढे गेला तर रेग्युलेटर, ज्याला जुने लोक कटआऊट म्हणतात, तो सुटलाय. मग बॅटरी उकळते आणि सडक्या अंड्यांचा वास येतो. आमच्याकडे तो एकदा आला, वही काढून चौकशी झाली, निघाली खरोखर अंडी. डिकीत विसरलेली.

टर्मिनलवर साठणारी पांढरी-हिरवी बुरशी ते खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतात आणि वर व्हॅसलिन लावतात. सासूबाईंची व्हॅसलिनची बाटली हल्ली वीजसाहित्यात मोडते. पट्टा सगळ्यात लांब जिथे सुटा धावतो, तिथे इंजिन बंद असताना अंगठ्याने दाबायचा. बोटाच्या जाडीइतका दबला तर ठीक, पोटात गेला तर ढिला, मुळीच दबला नाही तर इतका कडक की बेरिंगचा जीव घेईल. आतल्या बाजूला भेगा दिसल्या की बदलायचा. पहिल्या पावसात सकाळी गाडी चालू करताच जी किंकाळी ऐकू येते ती या पट्ट्याची.

किंकाळीवर सोसायटीत सर्वमान्य उपाय म्हणजे पट्ट्याला साबण घासणे. आवाज थांबतो हे खरं, पण घसरायचा तो घसरतोच, फक्त आता सुगंधित. आमचे सेक्रेटरी त्याहून थोर. त्यांचा उपाय पूर्वजांपासून चालत आलेला: "इंजिन चालू ठेवा आणि बॅटरीची वायर काढा. बंद पडली तर आल्टरनेटर गेला." डायनमोच्या काळात हे खपून जाई. आता वायर निघाल्या क्षणी करंटला जायला जागा उरत नाही, व्होल्टेज उसळतं आणि डायोड, कधीकधी संगणकाची पेटीही, हातात येते. आल्टरनेटर चांगला होता की नाही याचं उत्तर मिळतं, पण भूतकाळात. हे करायला ते पुढे सरसावले तेव्हा माझे सासरे आयुष्यात पहिल्यांदा बारा व्होल्टसमोर हात पसरून आडवे उभे राहिले.

गाडी धुणाऱ्या पोरालाही त्यांनी समज दिली आहे. पाण्याचा जोराचा फवारा बोनेटखाली मारायचा नाही. आल्टरनेटरला गार राहायला वारा लागतो, म्हणून त्याच्या अंगाला झरोके असतात, आणि झरोक्यातून वारा येतो तसं पाणीही येतं. पोराने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आजोबा, मग बॅटरी कुठून धुऊ?"

मागच्या महिन्यात आम्हाला मुंबईला विमानतळावर जायचं होतं. आमची गाडी रंगवायला दिलेली, म्हणून भाड्याची केली. पहाटे चार, पाऊस. सासूसासरे मागे, बायको त्यांच्याजवळ, मी पुढे. ड्रायव्हर तरुण, उत्साही. एसी गार, टेपवर भक्तिगीतं, काचेला लटकवलेल्या रंगीत दिव्यांची माळ लुकलुकत होती. देहूरोड ओलांडताना माझं सहज डॅशबोर्डकडे लक्ष गेलं.

मी विचारलं, "हा तांबडा दिवा कसला हो?"

"तो बॅटरीचा, साहेब. परवाच नवीन टाकलीये."

मागची कुजबुज थांबली. मी आवाज शक्य तितका सहज ठेवून विचारलं, "एक्सप्रेस वेला बोगदे किती लागतात?"

"आहेत की चार-पाच."

अंधारात सासऱ्यांच्या सीटचा करकर आवाज झाला. ते पुढे सरकून बसले होते.

"एसी बंद करा," ते म्हणाले. "आणि ती माळ आधी."